तुमचे प्रश्न : तेलकट चेहरा आणि ३० रुपयांची माती

ऑक्टोबरचं ऊन तापलं की पत्रपेटीत चेहऱ्याचे प्रश्न वाढतात. या वेळी तर जवळजवळ सगळ्यांनी मातीबद्दलच विचारलंय. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्या मुलानं विचारलंयही नीट आणि त्याची खिशाची अडचणही खरी आहे. नेहमीचं एकदा सांगून टाकते : मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात प्रसाधनं शिकवत होते, आता निवृत्त आहे. ट्यूबमध्ये काय आहे ते मला कळतं. तुमच्या चेहऱ्याला काय झालंय ते त्वचारोगतज्ज्ञांना पाहू द्या.

*मॅडम, मी परभणी जिल्ह्यातला. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. वय २३. दुपारपर्यंत कपाळ, नाक, हनुवटी तेलानं चकाकायला लागतात आणि गालांवर पुळ्या येतात. रूममेट म्हणतो, मुलतानी मातीत लिंबू पिळून रोज लाव. दुकानात क्ले मास्कची ट्यूब साडेतीनशेची आहे आणि मुलतानी मातीची पुडी ३० रुपयांची. मेसचे पैसे भरतानाच नाकी नऊ येतात. स्वस्तातली माती चालेल का? तिनं पुळ्या जातील ना? आणि मुलानं असलं काही लावलं तर हसतील का लोक? — एक विद्यार्थी, सदाशिव पेठ*

तुझ्या वयाच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे तुला 'तू'च म्हणते. हसायचं त्यांना हसू दे. तो रूममेट स्वतः लावतोय म्हणूनच तुला सांगतोय.

पुडीच आण. साडेतीनशेच्या ट्यूबमध्ये तेल टिपायचं काम करते तीही मातीच. ट्यूब उलटी करून घटकांची यादी वाच. जे जास्त ते आधी, अशा क्रमानं ती छापलेली असते. बहुतेकदा पहिलं पाणी, मग केओलिन किंवा बेंटोनाइट यांपैकी एखादी माती, मग ग्लिसरीन, मग बुरशी धरू नये म्हणून फिनॉक्सिइथेनॉलसारखं काहीतरी आणि शेवटी सुगंध. जास्तीचे पैसे जातात ते माती आयती कालवून मिळते म्हणून, थोडे ग्लिसरीनसाठी आणि बरेचसे वेष्टनासाठी. ग्लिसरीनचा उपयोग आहे, हे मान्य. त्यानं त्वचा कमी ओढली जाते. पण त्याची सोय वेगळी करता येते, ती पुढे सांगते. वेष्टनावर 'डिटॉक्स' लिहिलं असेल तर ट्यूब परत फळीवर ठेव. शरीरातली घाण बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, गालांकडे ते खातं कधीच नव्हतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. मातीनं पुळ्या जाणार नाहीत. हे ऐकून वाईट वाटेल, पण पैसे कुठे घालायचे हे त्यावरच ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुलतानी मातीतली आणि बेंटोनाइटमधली खनिजं एकाच कुळातली. सूक्ष्म पापुद्र्यांची रचना असते त्यांची, त्यामुळे चिमूटभर मातीलाही पृष्ठभाग प्रचंड मिळतो आणि त्यावर तेल चिकटून राहतं. पूर्वी लोकरीतलं तेल आणि मळ काढायला हीच माती वापरत. भजी कागदावर काढली की कागद भज्यांचं तेल टिपतो, कढईतलं तेल मात्र होतं तेवढंच राहतं. चेहऱ्यावर नेमकं हेच होतं. तेल तयार करणाऱ्या ग्रंथी त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी असतात आणि त्या अँड्रोजेन गटातल्या संप्रेरकांच्या सांगण्यावरून चालतात. त्यांना वर काय लावलंय याचा पत्ताही नसतो. लेप धुतल्यावर चेहरा स्वच्छ, मऊ, थोडा मॅट दिसतो आणि काही तासांत तेल परत येतं.

पुळीचं मूळ याहून खोल असतं. केसाच्या मुळाशी मृत पेशी नीट सुटून बाहेर न पडता चिकटून बसतात, त्यांच्यामागे तेल साचतं, त्या बंद जागेत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेज नावाचे जिवाणू वाढतात आणि मग सूज येते. नाकावरचे काळे ठिपके हा याच साखळीचा उघड्या तोंडाचा प्रकार. तो काळेपणा धुळीचा नव्हे. हवा लागून आणि मेलॅनिन या त्वचेतल्याच रंगद्रव्यामुळे तो रंग येतो. म्हणून घासून जात नाही. माती वरवरचं तेल काढते, ठिपके काही काळ फिकट दाखवते, पण चिकटलेल्या पेशी सोडवत नाही आणि सूजही उतरवत नाही.

तेव्हा पुडीचे ३० रुपये चकाकीसाठी आणि ट्यूबचे वाचलेले तीनशे वीस पुळीसाठी, असा हिशेब धर.

पुडी घेताना कॉस्मेटिकच्या दुकानातली घे. तिच्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरायची मुदत असते. मंडईच्या आसपास जडीबुटीच्या दुकानांत सुटे खडे मिळतात, तेही लोक वापरतात, पण त्यात वाळू किती आहे ते कोण बघतं? चिमूटभर पूड दोन बोटांत चोळ. खरखर लागली तर चेहऱ्याला लावू नकोस. मातीला अत्तरासारखा वास येत असेल तरी नको. केओलिनची पांढरी पूड मिळाली तर तीही चालेल. ती पाण्यात फुगत नाही, कमी तेल ओढते, पण त्वचेवर सौम्य असते. गालांची त्वचा नाजूक असेल तर मी केओलिनच सुचवेन.

कालवायची रीत आमच्या प्रयोगशाळेतली आहे. कॅलामाइन लोशनच्या प्रात्यक्षिकाला १५ ग्रॅम कॅलामाइन आणि ५ ग्रॅम झिंक ऑक्साइडबरोबर ३ ग्रॅम बेंटोनाइट लागतं, आणि दर वर्षी निम्म्या वर्गाच्या खलात त्याच्या गुठळ्या होत. कारण मुलं मातीवर पाणी ओतत. उलटं करायचं. वाटीत आधी पाणी घे, त्यावर पूड भुरभुरव आणि ढवळू नकोस. पाच मिनिटांत ती आपोआप भिजून खाली बसते, मग चमच्यानं फिरव. दह्याइतकं घट्ट झालं की पुरे. चहाचे दोन चमचे पूड एका वेळेला भरपूर होते, म्हणजे १०० ग्रॅमची पुडी आठवड्यातून एकदा वापरली तर दोन-अडीच महिने सहज जाईल. स्टीलची वाटी आणि चमचा चालतो. धातूनं मातीचा गुण जातो असं तुला कुणीतरी सांगेलच. पाच-दहा मिनिटांत काही होत नाही, कॉटवर राहणाऱ्या मुलानं लाकडी चमचा शोधत फिरायची गरज नाही.

लिंबू मात्र अजिबात नको. लिंबाच्या रसाचा सामू (म्हणजे पीएच, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास, त्वचेचा ५ च्या जवळ. पुळी फुटलेली असेल तर झोंबेल ते वेगळंच. त्याहून वाईट म्हणजे आपल्या कागदी लिंबात अशी द्रव्यं असतात, की रस त्वचेवर राहिला आणि ऊन लागलं की भाजल्यासारखा चट्टा उठतो आणि त्याचा काळा डाग कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने राहतो. सकाळी लिंबू लावून अभ्यासिकेकडे उन्हातून चालत गेलास तर मुलाखतीच्या पॅनेलला पुळ्या दिसणार नाहीत, चट्टे दिसतील. खायचा सोडा, टूथपेस्ट, दालचिनी यांनाही हाच नियम. साधं पाणी घे. गुलाबपाणी हौसेचं आहे, हवं असेल तर घाल.

लावायची जागा म्हणजे जिथे तेल येतं तिथे : कपाळ, नाक, हनुवटी. गालांवर जिथे पुळी लाल आणि दुखरी आहे तिथे नको. पहिल्यांदा लावशील तेव्हा जबड्याच्या कडेला थोडी लावून एक दिवस वाट पाहा. आणि माती कडक होऊन तडे जाईपर्यंत बसायचं नाही! हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. 'ताणलं गेलं म्हणजे काम करतंय' असं वाटतं, पण तेव्हा माती तेल सोडून तुझ्या त्वचेतलं पाणी ओढत असते. कडा फिकट पडल्या आणि मधे बोट लावल्यावर अजून ओलसर लागलं, की धुवायची वेळ झाली. पुण्यात ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी पंख्याखाली आठ मिनिटांतही होतं, पावसाळ्यात पंधरा लागतील. आधी ओल्या हातानं सैल कर, मग धू. घासू नकोस.

उरलेली माती बेसिनमध्ये टाकू नकोस. पाइपात ती थर धरते, आणि मग प्लंबरचे पैसे सगळ्यांनी मिळून द्यायचे म्हटल्यावर तुझ्या रूममेटांची मैत्री तपासली जाईल. कुंडीत टाक. उरलेला ओला लेप उद्यासाठी झाकून ठेवू नकोस. त्यात टिकवणारं काही नसतं, एका रात्रीत जंतू वाढतात.

पाण्यात कालवलेलं बेंटोनाइट चांगलंच अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट असतं, सामू साधारण ९ ते १०. मुलतानी मातीही त्याच बाजूची. म्हणून धुतल्यावर चेहरा ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं, जेलसारखं मॉइश्चरायझर लाव. ग्लिसरीनची सोय म्हटलं ती हीच. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असं मुलं हमखास विचारतात. तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेहरा तेलकट असून आतून कोरडा असू शकतो.

आता वाचलेल्या पैशांचं. पुळीवर ज्यांचा उपयोग सिद्ध झालाय अशी औषधं थोडीच आहेत आणि ती महागही नाहीत. २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, ०.१ टक्का ॲडापॅलीन, काळ्या ठिपक्यांसाठी २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड. ही नावं तुला माहीत असावीत म्हणून सांगतेय, दुकानदाराला विचारून घेण्यासाठी नव्हे. पुणे स्टेशनजवळ ससूनमध्ये त्वचारोग विभागाची ओपीडी आहे. रांग लागते, पुस्तक घेऊन जा. खासगीतल्या एका भेटीपेक्षा फार कमी खर्चात काम होईल. लिहून दिलेलं औषध जनऔषधी केंद्रात मिळतं का तेही पाहा. बेन्झॉइल पेरॉक्साइड दिलं तर एक लक्षात ठेव, ते रंगीत कापडाचा रंग घालवतं. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा वापर, आणि रूममेटच्या टॉवेलला हात लावू नकोस. ज्या रात्री औषध त्या रात्री माती नाही. कोणतंही औषध सुरू केल्यावर आठ ते बारा आठवड्यांनी फरक दिसतो, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कधीकधी वाढल्यासारखंही वाटतं. परीक्षेच्या तारखा बघून आत्ताच सुरू कर.

एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारते : आईनं दिलेलं खोबरेल रोज डोक्याला चोपडतोस का? कपाळावरच्या बारीक पुळ्यांचं तेच कारण असतं पुष्कळदा. धुवायच्या आदल्या तासाभरात लाव आणि कपाळावर उतरू देऊ नकोस. मेसच्या तेलकट भाजीला उगाच दोष देऊ नकोस, तिचा थेट संबंध नाही. चार-पाच कप गोड चहा आणि बेकरीच्या बिस्किटांवर अभ्यास चालला असेल तर मात्र ते थोडं आवर. रक्तातली साखर झपकन वाढवणाऱ्या खाण्याचा आणि पुळ्यांचा संबंध दिसून आलाय.

*मी २८ वर्षांची, वारज्याहून हिंजवडीला दुचाकीनं जाते. धूळ आणि धूर एवढा असतो, की चेहऱ्याला स्कार्फ बांधूनही काळा होतो. म्हणून घरी आल्यावर रोज चारकोल क्ले मास्क लावते. आता गाल लाल झालेत, पाणी लागलं तरी झोंबतं आणि हनुवटीखाली पुळ्या वाढल्यात. मास्क बदलू का? — वाचक, वारजे*

बदलू नका, बंद करा. रोज माती लावून तुम्ही त्वचेचं वरचं संरक्षक आवरण खरवडलंय. पाणी झोंबणं ही त्याचीच खूण. तीनेक आठवडे सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन, एवढंच. फेसवॉशही दिवसातून दोनदाच. झोंबणं पूर्ण थांबलं की आठवड्यातून एकदा, फक्त नाक-कपाळावर केओलिनचा लेप लावून पाहा.

धूर धुवायला माती लागत नाही, फेसवॉश पुरतो. आणि हनुवटीखालच्या पुळ्यांची जागा बघा : हेल्मेटचा पट्टा आणि स्कार्फची गाठ तिथेच येते ना? घाम, घर्षण आणि दाब एकत्र आले की तिथे पुळ्या उठतात. पुण्यातल्या मुलींचे स्कार्फ हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. सिग्नलला उभ्या असलेल्या दहा जणींचे डोळेच फक्त दिसतात. पण तो स्कार्फ धुतला कधी, असं विचारलं तर गप्प बसतात. सिंथेटिक असेल तर सुती घ्या, तीन-चार ठेवा, रोज धुतलेला वापरा. धुण्याच्या पावडरचा अंश राहू नये म्हणून दोन पाण्यांतून काढा. हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर तेही धुवा. निघत नसेल तर आत पातळ सुती टोपी घाला. हेल्मेट मात्र काढायचं नाही, पुळी बरी होते.

*मुलगी १४ वर्षांची आहे, नववीत. कपाळावर आणि गालांवर पुळ्या आहेत. सासूबाई म्हणतात बेसन, हळद आणि साय लाव, मला वाटतं मुलतानी माती बरी. शेजारच्या ताईंनी एक क्रीम दिलंय, त्यानं त्यांच्या भाचीचा चेहरा आठवड्यात गोरा आणि स्वच्छ झाला. काय करावं? — एक आई, कोथरूड*

सर्वांत आधी ते क्रीम. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी काही लिहिलंय का पाहा. ही स्टेरॉइडं आहेत. आठवड्यात 'स्वच्छ' दिसतं ते सूज दबल्यामुळे. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, बंद केलं की पुळ्या दुपटीनं उसळतात आणि मग ते सोडणंच अवघड होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी क्रीम विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ती शेड्यूल एच या औषधांच्या यादीत घातली, तरी ती शेजारणीच्या पर्समधून फिरतच असतात. नाव काहीही असो, ज्यावर घटक छापलेले नाहीत ते क्रीम तर मुळीच नको.

बेसन-साय आणि माती या भांडणात मी पडत नाही. साय नको एवढंच सांगते, तेलकट चेहऱ्यावर आणखी स्निग्ध कशाला? सासूबाईंना सांगा, बेसन पाण्यात कालवून चेहरा धुवायला चालेल, चोळायचं नाही. माती आठवड्यातून एकदा, कपाळापुरती, तीही तिला हवी असेल तर. तिनं पुळ्या फोडू नयेत याकडे लक्ष द्या. आपल्या रंगाच्या त्वचेवर पुळीपेक्षा तिचा डाग जास्त दिवस राहतो. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर किंवा ओठांवर राठ केस येत असतील, तर पुळ्यांचं कारण संप्रेरकांत असू शकतं, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा. आणि घरात येताजाता तिच्या चेहऱ्याबद्दल बोलणं थांबवा, सासूबाईंसह.

*या वर्षी गणपतीचं विसर्जन घरीच बादलीत केलं. तळाशी छान मऊ पांढरी माती उरली आहे. जाऊबाई म्हणतात शाडू म्हणजे शुद्ध माती, फेसपॅकला वापरू. चालेल का? — वाचक, बिबवेवाडी*

नको. मूर्ती शाडूची असेल तर त्या मातीत रंग, हळद-कुंकू, फुलांचा चोथा आणि बारीक वाळू मिसळलेली आहे. मूर्तिकार माती घेतो ती आकार धरतेय का हे पाहून, गालाला खरवडेल का हे पाहून नव्हे. आणि मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची होती का, ते आधी आठवा. बादलीत महापालिकेनं दिलेली अमोनियम बायकार्बोनेटची पावडर घातली होती का? प्लास्टर विरघळवायची ती राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पद्धत आहे. घातली असेल, तर तळाशी बसलंय ती माती नव्हेच, तो कॅल्शियम कार्बोनेट आहे. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट आहे, ते भरपूर पाणी घालून पातळ केलं की झाडांना खत म्हणून चालतं.

शाडूच असेल तर पाणी निथळू द्या, निर्माल्य वेगळं काढा आणि गाळून, गोळा करून प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. पुढच्या वर्षी मुलांना मूर्ती करायला उपयोगी पडेल. ठेवायला जागा नसेल, तर उत्सवानंतर शाडू परत गोळा करणारी केंद्रं शहरात असतात, तिथे द्या. जाऊबाईंना मुलतानी मातीची पुडी आणून द्या, ३० रुपयांत मिळते.